प्रोप्रॅनोलॉलआधी प्रत्येक बाळाचा ईसीजी हवाच का?

दर शंभर तान्ह्या बाळांपैकी साधारण चार-पाच बाळांच्या अंगावर जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तवाहिन्यांची लाल गाठ दिसू लागते. डॉक्टर तिला इन्फंटाइल हेमॅन्जिओमा म्हणतात. घरात ती जन्मखूण ठरते, लाल चट्टा ठरते, आणि कुणीतरी आईने ग्रहणात काही चिरले होते का, हेही विचारून घेते. मुलींमध्ये, तसेच अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये ती अधिक आढळते. बहुतेक गाठी काही महिने वाढतात, थांबतात आणि पुढच्या तीन-चार वर्षांत आपोआप ओसरतात. त्यांना औषधाची गरज नसते. परंतु पापणीवर वाढून बाळाची नजर झाकणारी, नाकाच्या शेंड्यावर किंवा ओठावर बसून चेहऱ्याचा आकार बिघडवणारी, श्वासमार्गात वाढून श्वास कोंडणारी किंवा फुटून जखम होणारी गाठ वेळीच आवरावी लागते, आणि त्यासाठी आज जगभर पहिली पसंती प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या) औषधाला आहे. हे औषध मुळात हृदयाचे. त्यामुळे ते सुरू करण्याआधी बाळाचे हृदय किती खोलात जाऊन तपासायचे, हा प्रश्न येतोच, आणि आपल्याकडे त्याचे उत्तर पुष्कळदा एका चिठ्ठीवर तयार असते: आधी ईसीजी, टू-डी इको आणि हृदयरोगतज्ज्ञांचे मत, मग औषध.

ही चिठ्ठी सरसकट प्रत्येक बाळाच्या हाती देणे योग्य नाही, असे माझे मत आहे. हृदयाची तपासणी प्रत्येक बाळाची व्हायलाच हवी, पण ती हाताने, कानाने आणि नीट विचारलेल्या प्रश्नांनी. यंत्राची तपासणी ज्या बाळांना खरोखर हवी आहे, ती ओळखून त्यांच्यासाठी राखून ठेवावी, आणि बाकीच्यांचे औषध तिच्यासाठी अडवू नये.

चिठ्ठीमागची भीती निराधार नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. प्रोप्रॅनोलॉल 1960च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी हृदयविकारासाठी शोधले आणि त्यांना 1988 साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याचा तान्ह्या बाळांच्या गाठींशी काही संबंध असेल, हे कुणाच्या गावीही नव्हते. तो संबंध फ्रान्समधील बोर्दो येथे योगायोगाने उघड झाला. नाकावरच्या हेमॅन्जिओमासाठी स्टेरॉइड घेत असलेल्या एका बाळाच्या हृदयाचे स्नायू जाड होऊन रक्तप्रवाहाला अडथळा होऊ लागला. त्या विकारासाठी प्रोप्रॅनोलॉल दिले गेले आणि दुसऱ्याच दिवशी नाकावरची लालभडक गाठ जांभळट व मऊ पडली. त्वचारोगतज्ज्ञ क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली अशा अकरा बाळांचा अनुभव प्रसिद्ध केला. ज्या बाळामुळे हा उपचार सापडला, त्याचे हृदय आजारीच होते आणि औषध त्या आजारावरच दिलेले होते, ही गोष्ट पुढच्या चर्चेत बहुतेक वेळा विसरली जाते.

त्यानंतरच्या काही वर्षांत हे औषध झपाट्याने पसरले, पण तान्ह्या निरोगी बाळाला ते महिनोन्‌महिने देण्याचा अनुभव कुणाकडेच नव्हता. म्हणून बहुतेक केंद्रांनी प्रत्येक बाळाचा ईसीजी आणि इको करण्याची पद्धत स्वीकारली. अनुभव नसताना ती सावधगिरी शहाणपणाचीच होती. डिसेंबर 2011 मध्ये शिकागो येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने, जिचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले, ही पद्धत सैल केली. ज्या बाळाचे ठोके वयाच्या मानाने कमी आहेत, म्हणजे पहिल्या महिन्यात मिनिटाला 70 पेक्षा किंवा त्यानंतर वर्षभरात 80 पेक्षा कमी आहेत, ज्याच्या ठोक्यांत अनियमितपणा ऐकू येतो, ज्याच्या कुटुंबात जन्मजात हृदयविकार वा हृदयाच्या लयीचे विकार आहेत, किंवा ज्याच्या आईला ल्युपससारखा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा) संयोजी ऊतींचा आजार आहे, त्याचा ईसीजी करावा, असे त्यात सुचवले गेले. 2014 साली अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे तान्ह्या बाळांसाठीच्या द्रावणाला परवानगी मिळाली. 2015 साली 460 बाळांच्या चाचणीत सहा महिने रोज दर किलो वजनामागे 3 मिलिग्रॅम औषध घेतलेल्या गटात 60 टक्के गाठी पूर्ण किंवा जवळपास पूर्ण नाहीशा झाल्या, तर नुसते द्रावण घेतलेल्या गटात केवळ 4 टक्के. पुढे 2018 मध्ये ब्रिटनच्या बालत्वचारोगतज्ज्ञांनी आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इतिहास आणि शारीरिक तपासणी व्यवस्थित असलेल्या बाळाला सरसकट ईसीजी-इकोची गरज नाही, हीच भूमिका घेतली. आपल्या काही चिठ्ठ्या मात्र अजून 2009 मध्येच आहेत.

या बदलाचे कारण समजून घ्यायचे तर एक साधा प्रश्न विचारावा: बाळाच्या हृदयात नेमके काय असले, तर हे औषध घातक ठरेल? उत्तर फार लांबलचक नाही. ठोके मुळातच फार मंद असणे; हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणाऱ्या विद्युत संदेशात प्राथमिक पातळीपलीकडचा अडथळा असणे; हृदय आधीच थकून निकामी होत असणे; आणि रक्तदाब कमी असणे. (दम्यासारखा श्वासनलिका आवळणारा आजार हेही औषध न देण्याचे मोठे कारण आहे, पण तो हृदयाचा भाग नव्हे.) आता ईसीजीत सापडू शकणाऱ्या इतर गोष्टी पाहा. लाँग क्यूटी हा जन्मजात लयविकार कळला, तर त्यावर द्यायच्या प्रमुख औषधांत प्रोप्रॅनोलॉल येते. तान्ह्या बाळाच्या हृदयाची गती अचानक दोनशेपलीकडे नेणारा लयविकार असेल, तर तिथेही हेच औषध दीर्घकाळ दिले जाते. फॅलोची चतुर्विकृती हा जन्मजात हृदयदोष असलेले बाळ अधूनमधून निळे पडते. ते झटके टाळायलाही प्रोप्रॅनोलॉल वापरतात, आणि हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या विकारात काय घडले, ते तर बोर्दोच्या बाळाने दाखवलेच. म्हणजे ज्या निदानाच्या भीतीने आपण ईसीजी काढतो, त्यांतली कितीतरी निदाने या औषधाच्या बाजूचीच आहेत. त्यांचे निदान होणे बाळासाठी निश्चितच महत्त्वाचे आहे, पण औषध सुरक्षित आहे की नाही, या प्रश्नाशी त्याची गल्लत करण्याचे कारण नाही.

उरलेल्या धोक्यांपैकी मंद ठोके आणि विद्युत अडथळा बहुतेक वेळा पूर्ण एक मिनिट स्टेथोस्कोप लावून मोजले तर लक्षात येतात. दीड महिन्याच्या निरोगी बाळाचे ठोके मिनिटाला साधारण 110 ते 160 असतात. ज्याच्या हृदयात पूर्ण अडथळा आहे, त्याचे ठोके सत्तरीच्या आसपास किंवा खाली रेंगाळतात, आणि हा फरक घड्याळ हातात असलेल्या परिचारिकेलाही कळतो. हृदय थकले असल्याची खूण ईसीजीपेक्षा आईच्या बोलण्यात आधी सापडते: दूध पिताना बाळ थांबते, धापा टाकते, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही. तपासणीत यकृत मोठे लागते, श्वास जलद असतो. महाधमनी अरुंद असेल, तर जांघेतली नाडी क्षीण लागते किंवा लागतच नाही. ही नाडी चाचपायला दहा सेकंद लागतात आणि ती चाचपली गेली नाही, तर ईसीजीची पट्टी तिची भरपाई करू शकत नाही.

आता ही पट्टी निघते कशी, ते जरा जवळून पाहू. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी ईसीजी यंत्र प्रौढांसाठी ठेवलेले असते. त्याच्या छातीवरच्या कपांपैकी दोन-तीनच बाळाच्या इवल्या छातीवर मावतात आणि उरलेले एकमेकांवर चढतात. थंड जेल लागताच बाळ किंचाळते, हातपाय झाडते. आई दोन्ही मनगटे धरून ठेवते, तंत्रज्ञ ‘एक सेकंद, एक सेकंद’ म्हणत बटण दाबतो. कागदावर उमटतात त्या नुसत्या थरथरत्या लाटा. ठोके 170 झालेले असतात, कारण बाळ रडते आहे. यंत्राला बाळाचे वय सांगितलेले नसेल, तर ते आपल्या आज्ञावलीप्रमाणे वरच्या कोपऱ्यात ‘अनियमित’ किंवा ‘उजवा कप्पा वाढलेला’ असे छापून मोकळे होते. वास्तविक पहिल्या महिन्यांत हृदयाचा उजवा कप्पा वरचढ असणे हे नैसर्गिकच आहे, कारण गर्भात त्याच्यावरच अधिक भार असतो. पण छापलेल्या शब्दाचा धाक मोठा. तो कागद पाहून डॉक्टर टू-डी इको लिहितात, आणि तान्ह्या बाळाचा इको करणारे तज्ज्ञ मुख्यतः मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत असल्याने नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या कुटुंबाला तारीख, एसटी, मुक्काम आणि बुडालेली मजुरी हे सगळे पदरी घेऊन निघावे लागते. शेवटी हाती येते ‘हृदय सामान्य आहे’ हे वाक्य, जे पहिल्याच दिवशी नीट तपासून बऱ्याच खात्रीने म्हणता आले असते.

दरम्यान गाठ थांबलेली नसते, आणि या सगळ्या वादात मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो. हेमॅन्जिओमाची सर्वांत जोरदार वाढ साडेपाच ते साडेसात आठवड्यांच्या वयात होते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास तिने आपल्या अंतिम आकाराचा जवळपास 80 टक्के पल्ला गाठलेला असतो. म्हणूनच अमेरिकी मार्गदर्शनात जोखमीची गाठ असलेले बाळ महिनाभराचे होण्याच्या सुमारासच तज्ज्ञाला दाखवावे असा आग्रह आहे. पापणीवरच्या गाठीसाठी इकोची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली, तर त्या तीन आठवड्यांत तो डोळा झाकला जातो आणि मेंदू त्याचा वापर सोडून देऊ लागतो. नाकाच्या शेंड्यावरची गाठ त्या काळात त्वचा ताणून ठेवते, आणि पुढे गाठ ओसरली, तरी ताणलेली त्वचा सैलच राहते. हृदयात दोष सापडण्याच्या अगदी लहान शक्यतेपायी आपण चेहऱ्यावरचा जवळपास खात्रीचा डाग पत्करतो.

याला एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. ब्रिटन-अमेरिकेत बाळाची जन्मतः तपासणी झालेली असते, अनेक ठिकाणी प्राणवायूचे प्रमाण मोजलेले असते, नोंदी हाती असतात. त्यामुळे तिथे ईसीजी वगळणे परवडते. आपल्याकडे गर्दीच्या ओपीडीत एका बाळाला तीन मिनिटे मिळतात, हजार जन्मांमागे आठ-दहा बाळांना जन्मजात हृदयविकार असतो आणि त्यांतली कित्येक वेळेवर ओळखलीच जात नाहीत. मग निदान एक यंत्र तरी त्या बाळाकडे पाहील, असे हा आक्षेप घेणारे म्हणतात. परिस्थितीचे हे वर्णन खरे आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही, कारण ईसीजी ज्या विकारांसाठी मागितला जातो, त्यांतले सर्वांत जास्त आढळणारे, म्हणजे कप्प्यांमधली लहान-मध्यम छिद्रे, ईसीजीत अनेकदा दिसतच नाहीत. सामान्य पट्टी हाती आली की उलट डॉक्टरांचा कान सैल पडतो. तीन मिनिटांची ओपीडी हा रोग असेल, तर त्यावर इलाज म्हणजे त्या बाळासाठी दहा मिनिटे काढणे आणि पायाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावणे. तेवढी साधने आज बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतही असतात.

या चिठ्ठीमागे आणखी एक कारण आहे, जे मोठ्याने बोलले जात नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट केल्यापासून फाइलमधला कागद हा डॉक्टरांचा आधार झाला आहे. ‘ठोके 138, नियमित, जांघेतली नाडी दोन्हीकडे चांगली’ ही हाताने लिहिलेली ओळही कायद्याच्या दृष्टीने पुरावाच आहे, पण यंत्राच्या कागदाइतका तिचा दबदबा नसतो. डॉक्टरांची ही अडचण मला समजते. तिच्यावर उपाय एकेका डॉक्टरने शोधायचा नाही. बालरोग आणि त्वचारोग या दोन्ही शाखांच्या संघटनांनी आपल्या परिस्थितीला साजेसा लेखी निकष एकत्र जाहीर केला, तर त्या ओळीला तेवढेच वजन येईल.

निकष सैल असावा असे कुणी यातून समजू नये. काही बाळांच्या बाबतीत तो आजच्यापेक्षा कडक हवा. चेहऱ्याच्या किंवा डोक्याच्या एका पट्ट्यात पसरलेली, पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ असेल, तर ते बाळ फेस (PHACE) संलक्षणाचे असू शकते: मेंदूच्या मागच्या भागातले दोष, मानेच्या आणि मेंदूच्या धमन्यांतले अरुंद-वाकडे भाग, महाधमनीचा अरुंदपणा आणि डोळ्यांतले दोष यांचा हा समूह. अशा मोठ्या गाठी असलेल्या बाळांच्या 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जवळपास एक-तृतीयांश बाळांत तो आढळला. इथे प्रोप्रॅनोलॉलने रक्तदाब उतरला आणि मेंदूकडे जाणारी धमनी आधीच अरुंद असली, तर पक्षाघाताचा धोका असतो. या बाळाचा महाधमनीसह इको आणि डोक्या-मानेचा एमआरआय व्हायलाच हवा, आणि त्यासाठी शहरात पाठवायचे, तर प्रवासाची आणि तारखेची सोय रुग्णालयाने करून द्यावी. अंगावर पाच किंवा अधिक गाठी असतील, तर यकृताची सोनोग्राफी करावी, कारण यकृतातल्या मोठ्या गाठी इतके रक्त ओढतात की हृदय थकते. हनुवटी, जबडा, ओठ या दाढीच्या भागात गाठ असून बाळाचा श्वास घरघरत असेल, तर आधी श्वासमार्ग पाहावा. इकोची तीच यंत्रे, तेच तज्ज्ञ आणि त्याच तारखा सामान्य बाळांनी अडवल्या की फेसच्या संशयाचे बाळ रांगेत मागे जाते. सरसकट तपासणीची ही किंमत हिशेबात धरली जात नाही.

आणि ज्या धोक्याने ही बाळे प्रत्यक्षात रुग्णालयात येतात, तो बहुतेक वेळा हृदयाचा नसून साखरेचा असतो. प्रोप्रॅनोलॉल यकृतातली साठवलेली साखर बाहेर येऊ देत नाही आणि साखर उतरल्याची धडधड, थरथर ही लक्षणेही दाबून टाकते. बाळ दूध पीत असते, तोवर काही बिघडत नाही. सर्दीने नाक चोंदले, जुलाब-उलट्या लागल्या, किंवा एखाद्या तपासणीसाठी उपाशी ठेवले की ते सुस्त होते, अंग थंड पडते, कधी आकडी येते. हे टाळायला लागते ते आईला समजावलेले एक वाक्य: औषध नेहमी दुधाबरोबर, आणि ज्या दिवशी बाळ पीत नाही किंवा त्याची छाती भरली आहे, त्या दिवशी औषध नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तान्ह्या बाळासाठी तयार द्रावण मिळत नाही, म्हणून 10 मिलिग्रॅमची गोळी 10 मिलिलिटर पाण्यात विरघळवून सिरिंजने द्यावी लागते. साडेचार किलोच्या बाळाला सुरुवातीला रोज दर किलोमागे 1 मिलिग्रॅम द्यायचे, तर दोन वेळांना प्रत्येकी सव्वादोन मिलिलिटर. गोळी 10 ची की 40 ची, पाणी किती, विरघळलेले औषध हलवले का, यांतल्या एका चुकीने मात्रा चौपट होऊ शकते. ईसीजीची रांग लावण्यात गेलेला अर्धा तास जर हा हिशेब आईकडून एकदा प्रत्यक्ष करून घेण्यात गेला, तर बाळाची सुरक्षितता अधिक वाढेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पहिल्या मात्रेनंतर दोन तास ठोके आणि रक्तदाब पाहण्याची सूचना औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातही आहे. त्या वेळात हे शिकवणे सहज बसते.

प्रश्न विचारण्याबाबतही आपल्याकडे एक खास अडचण आहे. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, सव्वा महिना बाळ घराबाहेर काढत नाहीत आणि ओपीडीत सोबत येते ती आईची आई. ‘घरात कुणाला हृदयाचा त्रास? कुणी तरुण वयात अचानक गेले?’ या प्रश्नाला तिचे उत्तर माहेरच्या बाजूचे असते. बाळाच्या वडिलांचा भाऊ विसाव्या वर्षी खेळताना कोसळला होता, हे तिला ठाऊक नसते. तिथल्या तिथे वडिलांना फोन लावून विचारावे. बाळाच्या आईला मात्र सांधेदुखी, चेहऱ्यावरचे पुरळ, आधीचे गर्भपात याबद्दल वेगळे, आणि शक्यतो सासूच्या माघारी, विचारावे. ल्युपसच्या काही आयांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये बाळाच्या हृदयातला विद्युत मार्ग बिघडवतात, आणि हा आजार आईला स्वतःला कधीकधी माहीतही नसतो.

या सगळ्यासाठी नवी योजना आखायची गरज नाही. आशा कार्यकर्ती बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. त्यातली शेवटची भेट आणि दीड महिन्याची लस या दोन्ही गोष्टी नेमक्या गाठीच्या सर्वाधिक वाढीच्या आठवड्यात येतात. सव्वा महिन्याच्या बंधनात अठ्ठाविसाव्या दिवशी गाठ पाहू शकणारी बाहेरची व्यक्ती तीच. तिने नाक, ओठ, पापणी किंवा चेहऱ्याचा पट्टा यांवरची गाठ दिसताच फोटो तालुक्याच्या डॉक्टरांना पाठवावा, लसीच्या दिवशी परिचारिकेने मिनिटभर ठोके मोजावेत आणि डॉक्टरांनी जांघेतली नाडी व यकृत पाहून ती ओळ लिहावी. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयविकार आधीपासूनच आहे. ज्या बाळाच्या तपासणीत खटकणारे काही सापडेल, त्याला याच मार्गाने जिल्ह्याच्या केंद्रात आणि तिथून इकोला नेता येते. बाकीच्यांचे औषध त्याच आठवड्यात सुरू व्हावे. अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींना बाळ पुन्हा येतेच. त्या दोन्ही दिवशी त्याचे वजन करून वाढलेल्या किलोंप्रमाणे मात्रेचे मिलिलिटर नव्याने लिहून द्यावेत.